पुरुषाचा तो पेशा, बाईचा तो नाद!

२०१३ साली संसदेने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा केला. ‘कामाचे ठिकाण’ म्हणजे काय, याची व्याख्या त्यात दिलेली आहे. कारखाना, कचेरी, दवाखाना यांच्या जोडीला त्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेचे मैदानही आहे. म्हणजे मैदान ही बाईची कामाची जागा आहे हे या देशाच्या कायद्याने मान्य केले आहे. मग मैत्रिणींनो, साधा प्रश्न असा की, जागा कामाची आहे तर कामाचा मोबदला कुठे आहे?

आपल्या नांदेड-लातूरकडे पाहू. लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा भरते. दोन्हीकडे कुस्त्यांचे फड रंगतात. नारळाच्या कुस्तीने सुरुवात केलेला पोरगा चार-पाच वर्षांत हजारांच्या इनामाची कुस्ती करू लागतो. गाव त्याच्या खुराकाला हातभार लावते, तालीम त्याला ठेवून घेते. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. पुढे त्यांनी वस्ताद म्हणून कित्येक मल्ल घडवले. त्यांचे कर्तृत्व मोठेच आहे. पण त्या कर्तृत्वाला चढायला एक शिडी होती: यात्रा, इनाम, तालीम, किताब आणि मग वस्तादकी. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ पासून होते. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीला, आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. शिडीची वरची एक पायरी बसवायला ६२ वर्षे लागली. खालच्या पायऱ्या अजून बसायच्याच आहेत.

कबड्डी-खोखोचीही तीच गत आहे. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली आणि खेड्यातल्या पोरांवर लाखांच्या बोल्या लागू लागल्या. २०१६ साली पुरुषांच्या हंगामाच्या पोटात तीन संघांची महिला स्पर्धा भरवली गेली. प्रो कबड्डीत ती पुन्हा झाली नाही. त्याच देशाच्या मुलींनी २०१२ साली पाटण्यात आणि २०२५ साली ढाक्यात विश्वचषक जिंकला, तरी! ‘अल्टिमेट खोखो’ २०२२ साली सुरू झाली, तिचे पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचे. आणि खोखो तर आपल्या मराठवाड्यातल्या पोरींचा खेळ. शेजारच्या उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खोखो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले, तेव्हा कर्णधार होती मूळची बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे. विश्वचषक बाईने आणायचा आणि हंगामाचा करार पुरुषाने करायचा, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी एकट्या आपल्या गावची नाही. अमेरिकेत त्यांचा म्हणून एक फुटबॉल आहे, चेंडू हातात घेऊन पळण्याचा. त्यात ‘वाइड रिसीव्हर’ नावाचा गडी कडेने सुसाट पळतो आणि लांबून आलेला चेंडू झेलतो. या जागेवरचा सर्वांत नावाजलेला खेळाडू जेरी राइस हा मिसिसिपीतल्या एका गवंड्याचा मुलगा. लहानपणी बापाच्या हाताखाली तो भावांबरोबर विटा झेलत असे. १९८५ पासून तो वीस हंगाम खेळला, त्याच्या नावावर १,५४९ झेल आहेत. कसब तर त्याचे होतेच. पण त्या कसबामागे लेखी करार होता, १९५६ साली स्थापन झालेली खेळाडूंची संघटना होती, निवृत्तिवेतन होते. त्याच अमेरिकेत तोच खेळ, त्याच जागेवर खेळणाऱ्या बाईला बहुतेक संघांत पदरची वर्गणी भरून खेळावे लागते. पुरुष खेळला तर तो पेशा, बाई खेळली तर तो नाद. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे!

विटा झेलणाऱ्या मुली लातूर-नांदेडच्या बांधकामांवरही आहेत. त्यांच्या हातातले कसब कोणी मोजायला जात नाही.

आणि मोजले तरी काय होते? मुखेड तालुक्यातल्या होनवडजची भाग्यश्री जाधव बसून गोळा फेकते. अपंगांच्या खेळांत हा तिचा गट. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ती सातवी आली, ७.०० मीटर. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. मे २०२४ मध्ये कोबेच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा रौप्य. २८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या उद्घाटनाला सुमित अंतिलबरोबर भारताचा झेंडा तिच्या हातात होता. तिथे ती ७.२८ मीटर फेकून पाचवी आली. नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली अपंग बाई जगात पाचवी! पण आपल्याकडे बक्षीस ठरते ते पदकावर. पाचवी येण्यासाठी जी वर्षे घालवावी लागतात, त्या वर्षांचा पगार कोणत्या खात्यात धरायचा, याचे उत्तर ही बक्षिसाची पद्धत देत नाही. बक्षीस ही मेहेरबानी असते, देणाऱ्याच्या मर्जीवर. मोबदला हा हक्क असतो.

यावर ठरावीक आक्षेप येतात. पहिला : बायकांच्या खेळाला प्रेक्षक नसतात. महिला प्रीमियर लीगचा एकही सामना झालेला नव्हता, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये तिचे पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क ९५१ कोटी रुपयांना विकले गेले. पुरुषांची आयपीएल २००८ पासून चालू होती. प्रेक्षक नव्हते की मांडवच घातला नव्हता?

दुसरा : सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे ना! आहे, आणि ते टिकलेच पाहिजे. पण ती नोकरी मिळते खेळून झाल्यावर, प्रमाणपत्र दाखवून. खेळण्याच्या वर्षांत ताटात काय, याला तिथे उत्तर नाही. शिवाय बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे मराठवाड्यातही उघडकीस आली. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलीच्या वाट्याची जागा कागदावर उड्या मारणाऱ्याने पळवली, असा त्याचा अर्थ.

तिसरा आक्षेप चळवळीतल्याच काही मैत्रिणी घेतात : हुंडा, मारहाण, पाणी, रेशन इतके प्रश्न असताना खेळाचे कसले कौतुक? त्यांना विनंती, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे बघा. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. आपल्या शेजारच्या परभणीत ४८ टक्क्यांचे. राज्यातल्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी. आता तालुक्याच्या शाळेत खोखो खेळणारी सोळा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणा. तिच्या खेळाला महिन्याला काही हजारांचे मानधन आणि पोटभर अंडी-दूध मिळाले, तर घरातली माणसे तिचे लग्न दोन वर्षे तरी पुढे ढकलतील की नाही? अंगात रक्त, हातात पैसा आणि चारचौघांत हाफपँटवर पळण्याची हिंमत या तीन गोष्टी एकाच जागी मिळत असतील, तर ते मैदान आपल्या प्रश्नांच्या बाहेर कसे?

‘लातूर पॅटर्न’चा डंका राज्यभर वाजतो. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी मुलींना लातूरला, नांदेडला खोली घेऊन ठेवणारे आईबाप आहेत, आणि मुलगी शिकावी म्हणून ते कर्ज काढतात ही मोठीच गोष्ट आहे. पण शिकवणीला पैसे घालणे म्हणजे गुंतवणूक आणि बुटाला पैसे घालणे म्हणजे उधळपट्टी, हा हिशेब मुलीच्याच बाबतीत इतका कडक का होतो? भावाच्या क्रिकेटच्या बॅटला तो लागत नाही.

आणि कराराचा प्रश्न नुसता पैशाचा नाही. जानेवारी २०२३ मध्ये देशातल्या नामांकित महिला मल्ल जंतरमंतरवर बसल्या. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षावर लैंगिक छळाचे आरोप होते. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना फरफटत नेले. डिसेंबरात साक्षी मलिकने कुस्ती सोडली. ऑलिंपिक पदक गळ्यात असलेल्या बाईची ही गत, तर तालुक्याच्या संघातली पोरगी कोणाकडे बोलणार? जिची निवड, प्रवास, जेवण आणि प्रमाणपत्र एकाच माणसाच्या हातात, ती गप्पच बसते. पगारी नोकर असती तर बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा मागता आली असती. आज तिचे लग्न किंवा बाळंतपण म्हणजे खेळाचा शेवट.

भंवरीदेवीच्या लढ्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला, आणि त्यातून २०१३ चा कायदा. तो बायकांनी मिळवलेला कायदा आहे. ऑगस्ट २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत किमान चार स्त्रिया असाव्यात असे सांगितले. कागद तयार आहेत. ते आपल्या जिल्ह्यात उतरवायचे काम संघटनांचे आहे.

म्हणून आपल्या मागण्या अशा : जिल्हा आणि राज्य संघात निवडल्या जाणाऱ्या प्रत्येक मुलीला वर्षभराचा लेखी करार आणि दरमहा मानधन. सरकारी जागेवर किंवा सरकारी पैशावर होणाऱ्या प्रत्येक स्पर्धेत स्त्री-पुरुषांना समान इनाम, माळेगावच्या फडासकट. अपंग खेळाडूंना सरावाचा खर्च पदकाच्या आधी, नंतर नव्हे. बाळंतपणानंतर संघात परतण्याचा हक्क.

आणि आजच करता येईल असे एक काम. नांदेड आणि लातूरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयांत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका. तक्रार समिती आहे का, तिच्या अध्यक्षा कोण, गेल्या पाच वर्षांत मुलींच्या आणि मुलांच्या खेळावर किती खर्च झाला, महिला प्रशिक्षक किती, हे विचारा. जिथे दहापेक्षा कमी माणसे कामाला आहेत, तिथल्या तक्रारी जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या स्थानिक समितीकडे जातात. त्या समितीचा पत्ता मैदानाच्या फाटकावर लिहायला लावा. जे उत्तर येईल, किंवा येणार नाही, ते या अंकाकडे लिहून पाठवा. पुढच्या अंकात तालुकावार छापू.