प्रेमकथा म्हणून वाचू नका, 'अटोनमेंट' ही जन्मावरून ठरलेल्या गुन्हेगाराची कथा आहे!

इयान मॅकइवन यांची 'अटोनमेंट' (2001) ही कादंबरी दुसऱ्या महायुद्धातली करुण प्रेमकथा म्हणून मिरवली जाते. तेरा वर्षांच्या ब्रायनीच्या कल्पनाशक्तीने घोटाळा केला आणि दोन प्रेमी जीव उद्ध्वस्त झाले, एवढाच तिचा अर्थ सांगितला जातो. हा अर्थ आम्हाला मान्य नाही. गुन्हा एका मुलीच्या कल्पनेने केला असेल, पण त्या कल्पनेवर अख्ख्या घराने विश्वास का ठेवला?

रॉबी टर्नर हा टॅलिस कुटुंबाच्या मोलकरणीचा मुलगा. मालक जॅक टॅलिस त्याच्या शिक्षणाचा खर्च करतात. केंब्रिजमध्ये रॉबी पहिल्या वर्गात येतो, मालकाची मुलगी सिसिलिया तिसऱ्या. त्याला पुढे डॉक्टर व्हायचे आहे. पण मालकीण एमिलीच्या लेखी त्याचे शिक्षण म्हणजे नवऱ्याचा एक छंद!

1935 च्या त्या रात्री अंधारात लोलावर बलात्कार होतो. ब्रायनीला दिसते फक्त एक आकृती. तरी नाव येते रॉबीचे. हरवलेल्या जुळ्या मुलांना रात्रभर शोधून पहाटे सुखरूप परत आणणाऱ्या माणसाला दारातच अटक होते.

कुणी म्हणेल, त्याचे ते अश्लील पत्र सापडले होते ना? होय, सापडले होते. पण पॉल मार्शलच्या चेहऱ्यावर ओरखडा होता, लोलाच्या हातांवर वळ होते. हे पुरावे जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर होते. मोलकरणीच्या मुलाचे पत्र पुरावा ठरते आणि चॉकलेटच्या कारखानदाराचा ओरखडा कुणाला दिसत नाही. याला आम्ही गैरसमज म्हणणार नाही. ही व्यवस्था आहे.

यापेक्षा बोचरी गोष्ट पुढे आहे. निर्दोष रॉबी आणि त्याच्यावर प्रेम करणारी सिसिलिया यांना खरा गुन्हेगार कोण वाटतो? डॅनी हार्डमन, म्हणजे नोकराचाच मुलगा! अन्यायाचा बळीसुद्धा बोट दाखवतो ते खालीच. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेचे जे विश्लेषण केले, त्याची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी सापडते, म्हणून वरचा सुरक्षित राहतो.

युद्ध सगळ्यांना समान करते, ही थापसुद्धा इथे उघडी पडते. रॉबी तुरुंगातून सुटतो तो साधा शिपाई होण्याच्या अटीवर, आणि 1940 मध्ये डंकर्कजवळच्या किनाऱ्यावर जखम चिघळून मरतो. मार्शल त्याच युद्धात सैन्याला चॉकलेट पुरवून गब्बर होतो, लोलाशी लग्न करतो आणि पुढे लॉर्ड म्हणून मिरवतो. 1999 मध्येही ब्रायनीला सत्य छापता येत नाही, कारण मार्शल दाम्पत्य जिवंत आहे आणि बदनामीच्या खटल्याची भीती आहे. ज्याच्याकडे पैसा, त्याच्याच बाजूने कायदा!

वर्ग आणि जात एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. रॉबीची भाषा ऐकून सोबतचे कॉर्पोरलही त्याला साहेबासारखा मान देतात. भाषा बदलली की वर्ग थोडा तरी झाकला जातो. जात झाकली जात नाही. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना 1917 मध्ये बडोद्यात पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले. आणि ज्या इंग्रजांनी आपल्या घरात मोलकरणीच्या मुलावर संशय घेतला, त्यांच्याच राजवटीने 1871 च्या कायद्याने इथल्या अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा गेला, पण चोरी झाली की पारधी वस्तीवर धाड घालण्याची सवय गेली का?

मित्रांनो, जॅक टॅलिस वाईट माणूस नव्हता. त्याने फी भरली. पण रॉबीला अटक झाली तेव्हा त्याने पाठ फिरवली. उपकार हे असेच असतात, देणाऱ्याच्या मर्जीवर चालतात. पोलिसांच्या गाडीसमोर उभी राहून खोट्याला खोटे म्हणाली ती एकटी ग्रेस, रॉबीची मोलकरीण आई. म्हणून आम्हाला उपकार नकोत, हक्क हवेत. आणि संशयाचे बोट खाली वळेल तेव्हा ते वर वळवण्याची हिंमत हवी.

जय भीम!