पाँ द्यू गार आणि कात्रजचा नळ

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे फ्रान्सला गेलो होतो. ल्योंहून गाडी काढली आणि अडीच-तीन तासांत दक्षिणेकडच्या पाँ द्यू गारला पोचलो. गार्दों नदीवर तीन मजली दगडी कमानी, उंची ४९ मीटर. नीम शहराला पाणी नेण्यासाठी रोमन लोकांनी पहिल्या शतकात बांधलेल्या कालव्याचा हा पूल. कालवा साधारण ५० किलोमीटरचा, आणि एवढ्या अंतरात उतार किती? जेमतेम बारा-तेरा मीटर! पंप नाही, काही नाही. मान वर करून बघतच राहिलो.

जावई म्हणाले, "बाबा, आपल्याकडे असं काही नाही ना?"

मी हो म्हणणार होतो, तेवढ्यात आजी आठवली.

आमचा वाडा सदाशिव पेठेतला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. सगळीकडे पाणीच पाणी, पण प्यायला थेंब नाही. आजी सांगायची, "नळ कोरडे पडले, पण हौदाला कात्रजचं पाणी होतं, म्हणून तरलो." ते पाणी नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास आणलेलं. कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी बांधकामाचा नळ, आत माणूस उतरून साफ करू शकेल एवढा मोठा. वाटेत हवा खेळायला उच्छ्वास आणि पेठापेठांत हौद. इथेही सगळा कारभार उताराच्याच जोरावर.

मग फरक काय? त्यांचं आकाशात दिसतं, आपलं जमिनीखाली आहे. म्हणून त्यांच्याकडे तिकीट काढून जातात, आणि आपल्याकडे उच्छ्वासाला टेकून स्कूटर लावतात.

पण मला खरी गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. नीमचा कालवा कुणी शत्रूने फोडून संपवला नाही. साफसफाई थांबली, पाण्यातल्या क्षाराचे थर भिंतींवर चढत गेले, वाट अरुंद होत गेली आणि पाणी आटलं. एवढ्या भव्य कमानी उभ्या असून काही उपयोग झाला नाही! म्हणजे कालवा टिकतो तो दगडांमुळे नाही, दरवर्षी आत उतरून गाळ काढणाऱ्या माणसांमुळे.

म्हणून माझं मत विचाराल तर कात्रजच्या नळाला नुसता 'वारसा' म्हणून पाटी लावू नका. तलावात सांडपाणी जाऊ देऊ नका, उच्छ्वास बुजवू नका, बांधकामासाठी खोदताना आधी नळ कुठून जातो ते बघा. पिण्यासाठी नाही तर नाही, बागांना आणि अडीअडचणीला हे पाणी उपयोगी पडेल. १९६१ सारखी वेळ पुन्हा येणार नाही असं छातीठोक कोण सांगणार?

असो. जावई डिसेंबरात पुण्याला येताहेत. पर्वती, तुळशीबाग नेहमीचंच. या वेळी मात्र आधी गाडी कात्रजकडे वळवणार आहे. तिथून पाण्याच्या वाटेने हळूहळू खाली शनिवारवाड्यापर्यंत... ट्रॅफिकने वाट दिली तर!