एक फूल माझ्यासाठी

मैत्रिणींनो, ‘गणित’ म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येतो का? माझ्या यायचा. अगदी मागच्या श्रावणापर्यंत. तो कसा विरघळला, ते आज सांगते.

सोमवार होता. आमची नेहमीची बदलापूर लोकल, नेहमीचा लेडीज डबा. अंबरनाथला मावशी चढल्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर मेथीची जुडी. शिवमंदिराचा विषय निघाला. वालधुनीच्या काठचं ते देऊळ १०६० सालचं, श्रावणी सोमवारी तिथे गर्दी असतेच. मेथी निवडता निवडता मावशी म्हणाल्या, “आमची आजी एक कोडं घालायची. ऐका. तीन देवळं. प्रत्येक देवळाआधी एक ओढा. ओढ्यात फुलं बुडवली की दुप्पट होतात. तिन्ही देवळांत सारखीच फुलं वाहायची आणि शेवटी परडी रिकामी व्हायला हवी. तर निघताना किती घ्यायची?”

कल्याण गेलं तरी कुणाला येईना. मग मावशींनीच सांगितलं, “सात घ्यायची, आठ वाहायची.” करून बघा. सातची चौदा, आठ वाहिली, उरली सहा. सहाची बारा, उरली चार. चारची आठ, सगळी देवाला. परडी रिकामी!

“मावशी, गणित छान आहे हो तुमचं!” मी म्हटलं. त्या हसल्या. “कुठलं गणित, बाई! दोनदा गणितात गेले म्हणून तर वडिलांनी शाळा सोडवली.”

पण दुसऱ्या दिवशी मावशी स्वतःचं कोडं घेऊन आल्या. “रात्री पोळ्या लाटताना मनात आलं, सगळी फुलं देवालाच का? शेवटी एक माझ्या अंबाड्यात राहू दे. आता सांगा, किती घ्यायची?”

डबा चक्रावला. उत्तर मावशींनाही ठाऊक नव्हतं! कुणी मोबाइल काढला, कुणी पासाच्या मागे आकडे मांडले. शेवटी शेवटाकडून उलटं यायचं ठरलं. शेवटी एक उरलं, त्यात वाहिलेली मिळवायची आणि निम्मं करायचं. असं तीनदा. तीन वाहून पाहिली, जमेना. पाच, सात, तेही जमेना. नऊ वाहिली आणि जमलं! आठ घेऊन निघायचं. आठची सोळा, उरली सात. सातची चौदा, उरली पाच. पाचची दहा, नऊ वाहिली, एक अंबाड्यात.

आम्ही टाळ्या वाजवतोय, तेवढ्यात उल्हासनगरला चढणाऱ्या सिंधी भाभी म्हणाल्या, “अरे, इतना क्यों? एकही फूल लेके निकलो ना!” एकाची दोन, एक देवाला, एक उरलं. पुन्हा दोन, पुन्हा एक. खरंच की! एका कोड्याला दोन उत्तरं. मग आणखी असतील का, यावर दादरपर्यंत वाद.

त्या गडबडीत डोंबिवली कधी गेलं कळलंच नाही. खरं तर तिथे थांबून नमस्कार करायला हवा होता. द. रा. कापरेकर हे नाव तुम्ही ऐकलंय? डहाणूला १९०५ साली जन्मले, ठाण्याला शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर होते. गणितातली पदव्युत्तर पदवी नाही, हाताशी वही-पेन्सिल. एका जातीच्या आकड्यांचा विचार त्यांना याच रेल्वेमार्गावरच्या डोंबिवली स्टेशनात सुचला, म्हणून त्यांनी त्या आकड्यांना स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून ‘डेमलो’ म्हटलं. ११ ला ११ ने गुणा, १२१. १११ ला १११ ने गुणा, १२३२१. पुढचं तुम्हीच करा.

त्यांची सगळ्यात गाजलेली गंमत ६१७४ ची. तुमच्या लग्नाचं साल घ्या. समजा १९८७. त्या अंकांची मोठ्यात मोठी संख्या ९८७१, लहानात लहान १७८९. वजाबाकी ८०८२. पुन्हा तेच, ८८२० वजा ०२८८, आले ८५३२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८. आले ६१७४! चारही अंक सारखे नसले, की कुठल्याही चार अंकी संख्येवरून जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच पोचता. (मध्ये शून्य आलं तर ते सोडायचं नाही.) आपल्याकडच्या कित्येक विद्वानांनी कापरेकरांचं काम पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला ते कळले. १९८६ साली ते गेले. आज ६१७४ ला सगळीकडे ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

पोरखेळ हा शब्द आपल्याही ओळखीचा आहे, नाही का? वही घेऊन पुरुष बसला तर घरात म्हणतात, हळू बोला, काम चाललंय. बाई बसली तर, रिकामी बसलीये! खरं तर ‘उखाणा’ या शब्दाचा जुना अर्थच कोडं. जात्यावर, माजघरात बायका एकमेकींना कोडी घालायच्या. पुढे उखाणा नवऱ्याचं नाव घेण्यापुरता उरला आणि कोडी शाळेच्या पुस्तकात गेली. तिथे प्रश्न दुसऱ्याचा आणि उत्तर चुकलं की छडी. महिनाअखेरीला पगार पुरवण्यापासून सगळी कोडी आपण सोडवतोच. पण कोडं घालायला, त्यातली अट आपल्या मनाने बदलायला आपल्याला कुणी सांगितलंच नाही. मावशींनी एक फूल स्वतःसाठी मागितलं आणि दोनदा नापास झालेल्या बाईने दादरपर्यंत अख्खा डबा कामाला लावला.

माझी लेक आठवीत आहे. तिचे मार्क कमी आले की मी धीर द्यायला म्हणायचे, “जाऊ दे, मलाही कधी गणित जमलं नाही.” तिने त्यातून एवढंच उचललं, की आपल्या घरातल्या बायकांना गणित येत नसतं. आता मी ते वाक्य बोलत नाही. रात्री भांडी आवरली की आम्ही दोघी अर्धा तास बसतो. एक कोडं तिचं, एक माझं. परवा तिने मला हरवलं.

तुम्हीही बसा. पोळ्या, बांगड्या, भिशीचे पैसे, काहीही चालेल. आणि हो, मावशींच्या कोड्याला तिसरं उत्तरही आहे. एक आणि नऊ वाहून झाली, पुढची संख्या कुठली असेल? शोधा आणि तुमचं स्वतःचं एक कोडं आम्हाला कळवा. उत्तर येत नसलं तरी चालेल!