भाव काय चाललाय?

मंडळी, गोष्ट मे २०२४ ची. आमच्या टीमच्या ग्रुपवर तेव्हा दोनच विषय होते: रिलीज आणि बारामतीचा भाव. सुप्रिया सुळे की सुनेत्रा पवार? कुणाचा तरी मेहुणा कुठल्याशा बुकीला ओळखायचा, रोज रात्री आकडे यायचे, आणि मी ते इमानदारीत एक्सेलमध्ये भरायचो. (हसू नका. सवय वाईट!)

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं गणित. समजा एखाद्याचा भाव ४० पैसे आहे. म्हणजे रुपया लावला आणि तो जिंकला, तर वर ४० पैसे मिळणार. १ भागिले १.४०, म्हणजे बाजाराच्या मते त्याची शक्यता साधारण ७१ टक्के. समोरच्याचा भाव दोन रुपये असेल तर त्याची ३३. बेरीज शंभराच्या वर जाते ना? तो वरचा भाग बुकीचा.

अमेरिकेत हाच प्रकार उजळ माथ्याने चालतो. आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्येच अभ्यासासाठी असा बाजार सुरू केला. आपल्याकडे सट्टा बेकायदाच, आणि ॲपवरचं 'ओपिनियन ट्रेडिंग' ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंद झालं. यामागची थिअरी मात्र झकास आहे. फुकटचं मत कुणीही देतो, पण खिशातले पैसे लावताना माणूस विचार करतो. त्यामुळे हजारो लोकांना असलेली माहिती एका आकड्यात उतरते.

फक्त एक अट आहे. माहिती असणारा माणूस त्या बाजारात हवा.

आमच्या ग्रुपवर कोण होतं? मी नेऱ्यात भाड्याने राहतो. हिंजवडीच्या शेजारचं गाव, तालुका मुळशी, विधानसभा भोर, लोकसभा बारामती. बाकीचे वाकड, बाणेर वगैरे. भोर-वेल्ह्यातल्या एका तरी मतदाराशी आमच्यापैकी कुणी बोललं होतं का? छे! आम्ही एकमेकांचेच आकडे एकमेकांना पाठवत होतो. कोडच्या भाषेत सांगायचं तर आउटपुटच परत इनपुट.

४ जूनला सुळे १ लाख ५८ हजारांच्या फरकाने निवडून आल्या. भोरनेही त्यांना आघाडी दिली. आणि सहाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, त्याच भोरमध्ये महाविकास आघाडीचे तीन वेळचे आमदार संग्राम थोपटे पडले आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे शंकर मांडेकर जिंकले. गावं तीच, मतदारही जवळजवळ तेच. लोक प्रत्येक वेळी वेगळा प्रश्न सोडवत असतात. आपण मात्र फक्त उत्तराचा आकडा बघतो.

त्या मे महिन्यात एकदा मी आमच्या दूधवाल्या मामांना मोठ्या रुबाबात भाव ऐकवला. त्यांनी कॅन खाली ठेवला आणि विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या साहेब. तुमचं मत कुठंय?"

माझं मत उदगीरला. लातूरलाही ७ मेलाच मतदान होतं. रिलीज होतं म्हणून मी गेलो नाही. इथे तर यादीत नावच नव्हतं. म्हणजे दोन मतदारसंघांचे भाव मला पाठ होते आणि मत एकाही ठिकाणी दिलं नव्हतं. काय बोलणार?

आता गंमत बघा. लोकसभेच्या जागेला भाव असतो, पण तिथे माझं मत लाखांत एक. नेऱ्याच्या ग्रामपंचायतीवर कुणीही सट्टा लावत नाही, पण तिथल्या एका वॉर्डाचा निकाल आमच्या एका सोसायटीतली कुटुंबं फिरवू शकतात. पाण्याचा टँकर, कचरा, आतला रस्ता, हे सगळं तिथलंच. नेऱ्यासकट सात गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायचा प्रस्ताव कित्येक वर्षं घोळत राहिला. त्यावर सोसायटीच्या ग्रुपवर शेकडो मेसेज पडले, पण त्यातल्या किती जणांचं नाव इथल्या यादीत होतं? ज्या निवडणुकीला भाव नाही, तिथेच आपल्या मताला भाव आहे.

भविष्य वर्तवायला माझी ना नाही, मलाही ते गणित आवडतं. पण ते बघ्याचं गणित आहे. पाऊस किती टक्के हे विचारणं ठीक, कारण पाऊस काही आपण पाडत नाही. निवडणूक आपण पाडतो. निदान पाडू शकतो.

असो. गेल्या रविवारी पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरला. एक्सेल शीट अजून आहे, डिलीट करवत नाही. तुमचं मत कुठंय?