दुष्काळी कामाची कमान

डब्लिन शहराच्या पश्चिमेस किल्डेअर हा आयर्लंडचा परगणा लागतो. तेथील सेलब्रिज गावाजवळ 'कॅसलटाउन' नावाचा प्रासाद आहे. आयरिश पार्लमेंटचे सभापती विल्यम कॉनोली यांनी १७२२ साली तो बांधावयास घेतला. कॉनोली हे एका खाणावळवाल्याचे चिरंजीव. युद्धानंतर सरकारजमा झालेल्या जमिनींच्या खरेदी-विक्रीत त्यांनी अमाप धन मिळविले. प्रासादाच्या रेखीवपणाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्हांस मात्र त्याच्या मागील खिडक्यांतून दूरवर दिसणाऱ्या एका कमानीविषयी लिहावयाचे आहे.

१७३९-४० च्या हिवाळ्यात आयर्लंडवर विलक्षण हिमकहर कोसळला. जमिनीतले बटाटे गोठून कुजले, पुढे धान्यही गेले, आणि काही लाख माणसे भुकेने व साथींनी दगावली. कॉनोली त्यापूर्वीच निवर्तले होते. त्यांच्या पत्नी कॅथरिनबाई यांनी उपाशी हातांना काम मिळावे म्हणून १७४० मध्ये ही कमान उभारविली. कमानींवर कमानी, शिरावर निमुळता स्तंभ, उंची १४० फूट, आणि शोभेला दगडी अननस! उपयोग म्हणाल तर काहीच नाही. गंमत अशी, की जागासुद्धा शेजारच्या जमीनदाराची होती. इंग्रजीत अशा बांधकामास 'फॉली', म्हणजे खुळेपणा, म्हणतात. दुष्काळी कामावर खडी फोडलेली माणसे आपल्यातही आहेत; त्यांना हा खुळेपणा वाटावयाचा नाही. पुढे १७४३ मध्ये याच बाईंनी जवळच शंकूच्या आकाराचे धान्यकोठार बांधविले. त्याचा जिना बाहेरून वळत वळत वर चढतो.

१९६५ साली प्रासाद विकला गेला. दोन वर्षे तो ओस पडला. छपराचे शिसे गेले, तावदाने फुटली. स्वतंत्र आयर्लंडमध्ये अशा वास्तूंविषयी ममत्व थोडेच होते, आणि त्यात नवल ते काय? परक्या सत्तेच्या आधाराने बळकावलेल्या जमिनींवर त्या उठल्या होत्या. १९२०-२३ च्या धामधुमीत कित्येक जाळल्याही गेल्या. हा राग आम्हांस समजतो. परंतु वाडा पाडला म्हणजे धन्याबरोबर गवंड्याचे कामही पुसले जाते, हे रागाच्या भरात ध्यानी येत नाही.

१९५८ मध्ये आयरिश जॉर्जियन सोसायटी स्थापन करणारे डेस्मंड गिनेस यांनी १९६७ साली प्रासाद विकत घेतला. स्वयंसेवकांनी तो झाडून-पुसून पुन्हा उभा केला. १९९४ पासून तो सरकारच्या ताब्यात आहे. सोसायटीने बोधचिन्ह निवडले ते मात्र प्रासादाचे नव्हे, त्या निरुपयोगी कमानीचे. या कार्यात पतीच्या बरोबरीने झटलेल्या मारिगा गिनेस १९८९ मध्ये वारल्या. त्यांचे दफनही तिच्याच खाली झाले.