उलट्या पावली परतणारे पाणी

लातूरच्या एखाद्या जुन्या वस्तीत ज्या दिवशी 'नळ येतो' त्या दिवशी गल्लीचा नूर पालटतो. हंडे, घागरी, बादल्या, रबरी नळ्या बाहेर निघतात, शाळेत जाणारी मुले घरी थांबतात, कामाला जाणारी बाई खाडा करते. या धांदलीत एक गोष्ट सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. पुष्कळ घरांच्या दाराशी हात-दोन हात खोल खड्डा असतो, कोठे विटांनी बांधलेला, कोठे नुसताच उकरलेला. त्याच्या तळाशी नळाचे तोंड असते आणि त्याला बहुधा तोटी नसते. पाण्याला दाब नाही, ते जमिनीच्या वर चढत नाही, म्हणून माणसानेच नळ खाली नेला आहे. नांदेडच्या जुन्या भागातही हे चित्र अनोळखी नाही.

नळ गेल्यावर या खड्ड्यात वीतभर पाणी उरते. त्यात भांडी विसळलेले पाणी मिसळते, अंगणातला चिखल उतरतो, पावसाळ्यात शेजारची नाली तुंबली की तीही तेथेच येते. तिकडे व्हॉल्व्हमनने या भागाची चावी बंद करून दुसऱ्या भागाची उघडलेली असते. नळवाहिनीतले उरलेसुरले पाणी उताराच्या घरांकडे धावते, वरच्या भागात पोकळी निर्माण होते आणि ती पोकळी जेथून मिळेल तेथून ओढून घेते. बुडालेल्या नळाच्या तोंडातून खड्ड्यातले पाणी उलटे वाहिनीत जाते. तडा गेलेल्या सांध्यातून नालीचे पाणी आत शिरते. त्यानंतर वाहिनी कित्येक दिवस तशीच मुरत पडते आणि पुढच्या पाळीला तेच पाणी सर्वांत आधी शेजाऱ्याच्या घागरीत पडते.

आमच्याकडच्या आयाबायांना यातले शास्त्र कोणी शिकवलेले नाही. पण पहिली घागर झाडांना घालायची, पाणी निवळ येऊ लागले की मग पिण्याचे भरायचे, हा त्यांचा रिवाज आहे. कारण ठाऊक नसले तरी परिणाम ठाऊक असतो. मात्र निवळ दिसणारे पाणी निर्मळ असतेच असे नाही, आणि येथेच हा अनुभव अपुरा पडतो.

२०१६ साली लातूरचे नाव देशभर झाले ते पाण्याच्या रेल्वेमुळे. मांजरा धरण कोरडे पडले, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले आणि १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पहिली गाडी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. पुढे पावसाळ्यापर्यंत 'जलदूत' धावत राहिली. त्याच उन्हाळ्यात डॉ. अशोक कुकडे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या पुढाकाराने 'जलयुक्त लातूर' उभे राहिले आणि लोकवर्गणीतून मांजरेच्या पात्राचे खोलीकरण झाले. या दोन्ही गोष्टींचा लातूरकरांना सार्थ अभिमान आहे. परंतु साडेतीनशे किलोमीटरवरून आणलेल्या पाण्याचा दाराशी पोहोचण्याचा शेवटचा वीस फुटांचा प्रवास कसा होतो, याकडे तेव्हा कोणी पाहिले नाही. तहानलेल्या माणसाने ते पाहावे अशी अपेक्षाही चूक ठरली असती. आता मात्र पाहिले पाहिजे.

पाणी उलटे फिरून काय करू शकते याचा सर्वांत मोठा धडा आपल्याच राजधानीत मिळाला आहे. १९५५ च्या अखेरीस यमुनेने पूर आल्यावर पात्र बदलले आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी, जे वझिराबादच्या उपशाच्या खालच्या अंगाला नदीत मिळत असे, ते मागे फिरून थेट उपशाच्या तोंडाशी आले. पुढच्या काही आठवड्यांत दिल्लीत २९ हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली. यातली खरी बोचरी बाब अशी, की जलशुद्धीकरण केंद्राने धोका ओळखून क्लोरीनची मात्रा वाढवली होती. त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही, कावीळ मात्र आली. क्लोरीन हा पहारेकरी चांगला खरा, पण एवढ्या घाणीतून येणारा प्रत्येक चोर त्याला ओळखता येत नाही. अमेरिकेतील शिकागो शहरात १९३३ साली जागतिक प्रदर्शन भरले असताना दोन नामांकित हॉटेलांत सांडपाण्याचे आणि पिण्याचे नळ एकमेकांत मिसळल्यामुळे आमांशाची साथ पसरली व ९८ माणसे दगावली. तेव्हापासून तेथे इमारतींच्या नळकामाकडे कायद्याची नजर अधिक कडक झाली. आपल्याकडे १९५५ नंतर काय बदलले? २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्याने हजारो लोकांना कावीळ झाली. २०२५ च्या डिसेंबरअखेर, देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षे गौरवल्या गेलेल्या इंदूरच्या भागीरथपुऱ्यात मैलापाणी जलवाहिनीत शिरून माणसे मेली. स्वच्छतेचे पारितोषिक रस्त्यावरचा कचरा मोजते, जमिनीखालचे सांधे मोजत नाही.

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. खड्ड्यातला नळ गरिबाच्या दारात असतो हे खरे, पण तो खड्डा खोल करायला लावतो कोण? ज्या घरात टिल्लू पंप थेट नळाला जोडलेला असतो ते घर. पाणी आले की मोटारी सुरू होतात, वाहिनीतले पाणी ओढले जाते, शेवटच्या घराला थेंब मिळत नाही. आणि मोटार नुसते पाणीच ओढते असे नव्हे, वाटेतल्या प्रत्येक फटीतून नालीही ओढून आणते. ही मोटार बहुधा सुशिक्षित, पगारदार, कर वेळेवर भरणाऱ्या, या पृष्ठाच्या वाचकांसारख्याच कुटुंबांची असते. 'सगळेच लावतात' हे उत्तर आम्हीही ऐकले आहे आणि एकेकाळी दिलेही आहे. ते उत्तर अगदी खोटे नाही, कारण मोटार न लावणाऱ्याच्या टाकीत पाणी पडत नाही. परंतु त्या मोटारीने ओढलेली घाण प्रथम आपल्याच टाकीत उतरते, एवढे तरी लक्षात घ्यावे.

दुसरा प्रकार बोअरचा. मराठवाड्यात बोअर नसलेले घर विरळा. पुष्कळ ठिकाणी प्लंबर सोयीसाठी बोअरचा आणि नळाचा पाइप एकत्र जोडतो व मध्ये एक साधी चावी ठेवतो. चावी उघडी राहिली आणि बोअरची मोटार सुरू झाली, की बोअरचे न शुद्ध केलेले पाणी जोराने सार्वजनिक वाहिनीत घुसते. मध्ये 'नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह' बसवला तर उलटा प्रवाह अडतो, पण गाळाने तोही अडकून उघडा राहू शकतो. खात्रीचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. दोन्ही पाइप कोठेही जोडू नयेत, ते स्वतंत्रपणे टाकीत सोडावेत, आणि टाकीत उतरणाऱ्या नळाचे तोंड पाण्याच्या कमाल पातळीपेक्षा नळाच्या व्यासाच्या दुप्पट, निदान इंचभर तरी उंच ठेवावे. मधल्या हवेतून पाणी उलटे चढत नाही. बादलीत बुडवून ठेवलेली रबरी नळी काढून घेणे हाही त्यातलाच भाग.

असे असले तरी सगळा भार नागरिकांवर टाकून प्रशासनाला मोकळे होता येणार नाही. पोकळी निर्माण होते ती पाणी बंद राहते म्हणून. नळवाहिनी सतत दाबाखाली भरलेली असेल तर गळतीतून पाणी बाहेर जाते, घाण आत येत नाही. हुबळी-धारवाड येथे काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झाल्यानंतर संशोधकांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली. पाळीने पाणी येणाऱ्या भागातील नळांच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या नमुन्यांत विष्ठाजन्य जिवाणू सापडले. चोवीस तास पाणी असलेल्या भागात हे प्रमाण एक टक्काही भरले नाही. एकाच शहराच्या दोन भागांतले हे अंतर आहे.

'आमच्याकडे दुष्काळ, चोवीस तास पाणी कोठून आणणार?' हा प्रश्न लगेच येतो. पाळीने येणारे पाणी वाचते हा समज तपासून पाहावा. घरोघरी गरजेपेक्षा अधिक साठवले जाते आणि नवे पाणी आले की कालचे 'शिळे' म्हणून ओतून दिले जाते. तोटी नसलेल्या नळातून नालीत किती जाते त्याचा तर हिशेबच नाही. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून, वापर वाढेल तसा दर वाढवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले आणि त्या योजनेचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. मलकापूर लहान गाव आहे आणि कृष्णा-कोयनेच्या काठचे आहे, हे मान्य. मीटर आणि वाढता दर यांना मात्र नदीकाठ लागत नाही.

मराठवाड्यासाठी अकरा धरणे एकमेकांना जोडणाऱ्या वॉटर ग्रिडची घोषणा झाली, लातूरला उजनीचे पाणी आणण्याची मागणी अनेक निवडणुका पाहून झाली, नांदेडला विष्णुपुरीचा जलाशय आहे आणि २००८ च्या गुरुता गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने शहरात मोठी कामेही झाली. मोठ्या वाहिनीचे उद्घाटन करता येते, नालीतून गेलेली जुनी नळजोडणी बाहेर काढण्याचे करता येत नाही. म्हणून ती वर्षानुवर्षे तेथेच राहते. मैलावाहिनी आणि जलवाहिनी यांत तीन मीटरचे अंतर असावे, जलवाहिनी वर असावी, हे नियमपुस्तकात लिहिलेले आहे. गल्लीत दोघी एकाच चरात गळ्यात गळे घालून झोपलेल्या आढळतात. जिल्ह्याची गोष्ट घ्यायची तर २०२४ च्या जूनअखेर नांदेड जिल्ह्यातील मुगाव तांड्यावर दूषित पाण्याने नव्वदहून अधिक माणसे आजारी पडली. तेथे कारण विहिरीचे होते, पण वेळ तीच, पावसाळ्याच्या तोंडची.

दोन्ही महापालिकांनी यंदाच्या पावसाळ्यापूर्वी प्रभागवार तीन गोष्टी जाहीर कराव्यात: नालीतून गेलेल्या जोडण्या किती, त्यांतल्या किती हलवल्या, आणि वाहिनीच्या शेवटच्या घरी पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत उरलेले क्लोरीन किती भरले. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम हे किमान प्रमाण आहे. ते मोजायला थोडे औषध आणि एक काचेची नळी पुरते. सेवावस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही नळी स्वतःच्या हाती घ्यायला हरकत नाही. नळ येईल त्या दिवशी, टाकीजवळच्या घरी नव्हे तर गल्लीच्या शेवटच्या खड्ड्याशी जाऊन मोजावे, आणि आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवावा.