‘तुम्ही गाडीतच बसा’

होळी झाली, मुलांच्या परीक्षा आटोपत आल्या की घरोघरी दोन दिवस कुठेतरी जाऊन येण्याचे बेत सुरू होतात. धाराशिव-सोलापूरकडच्या कुटुंबांना त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्यापैकी कित्येकांचे मूळ घर किंवा आप्तांचे शेत या परिसरातल्या एखाद्या गावी असते. उदाहरणादाखल आपण सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गच्या पुढे असलेले जळकोट घेऊ. (फोनच्या नकाशात गाव शोधताना तालुका तुळजापूर असल्याची खात्री करावी. लातूर जिल्ह्यातही एक जळकोट आहे, आणि ते पार दुसऱ्या दिशेला.)

अशा सहलीत एक वाक्य हमखास ऐकू येते. गाडी किल्ल्यापाशी थांबते आणि कोणीतरी म्हणते, ‘आई, तुम्ही गाडीतच बसा, आम्ही आलोच.’ पुष्कळदा आईच आधी म्हणून टाकतात, ‘मी बसते इथेच, तुम्ही या जाऊन.’ या होकारावर विसंबू नये. त्यामागे बहुधा इच्छेचा अभाव नसतो, आपल्यापायी इतरांचा खोळंबा होईल हा संकोच असतो. शिवाय यात प्रत्यक्ष धोकाही आहे. उन्हात उभी असलेली गाडी काही मिनिटांतच तापते, काचा थोड्या उघड्या ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. वयपरत्वे तहानेची जाणीव मंदावते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध चालू असेल तर शरीरातले पाणी अधिकच लवकर कमी होते.

म्हणून बेत आखताना पहिला प्रश्न घरातल्या ज्येष्ठांना विचारावा: तुम्हाला काय पाहायचे आहे? उत्तर तुळजापूर असेल, तर सहल तुळजापूरचीच करावी, किल्ला राहिला तरी चालेल. मात्र तेथे देवीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जावे लागते आणि परतताना त्याच चढाव्या लागतात. चैत्री पौर्णिमेच्या आसपास तेथे आणि येरमाळ्याच्या येडाईला मोठी गर्दी लोटते. गुडघे दुखणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत. खंडोबाचे दर्शन हवे असेल तर वसंतात नळदुर्गऐवजी अणदूर गाठावे. देवाचा मुक्काम वर्षातले सुमारे दोन महिने नळदुर्गला आणि उरलेले अणदूरला असतो. पौषातली नळदुर्गची यात्रा तोवर केव्हाच होऊन गेलेली असते.

नळदुर्गचा किल्ला पाहायचा ठरला, तर तो सकाळीच पाहावा. उघडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवावी. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, १६१३ मध्ये, पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात नदी भरली की बांधावरून नर-मादी धबधबे कोसळतात. चैत्रात ते नसतात हे निघण्यापूर्वीच सांगून टाकावे, म्हणजे तेथे जाऊन हिरमोड होत नाही. उपळी बुरुजाच्या पायऱ्या तरुणांनी चढाव्यात, पण पाळीपाळीने. एकाने आजोबांपाशी सावलीत बसावे, तेही फोनमध्ये डोके न घालता. हातात काठी, पायात मागून पट्टा असलेली चप्पल आणि सोबत घडीची खुर्ची असली की बराचसा किल्ला त्यांच्याही वाट्याला येतो. दहा-साडेदहाला मात्र परत फिरावे.

दुपार घरात काढावी. ज्वारीची ताजी मऊ भाकरी ताकात कुस्करून दिली की कवळी असणाऱ्यांचीही सोय होते. सोलापुरी कडक भाकरीच्या वाटेला त्यांनी जाऊ नये. तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी द्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांचे पाणी मोजून ठरवले आहे, त्यांनी उन्हात किती प्यावे हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. इन्शुलिन गाडीत ठेवू नये. ते थंड पिशवीत असावे, पण बर्फाला थेट टेकलेले नसावे. बोलणे असंबद्ध होऊ लागले, अंग तापले किंवा भोवळ आली, तर सावलीत नेऊन ओल्या कपड्याने अंग पुसत राहावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नीट नसताना तोंडात पाणी घालू नये.

मुक्कामाच्या घराविषयी एकच चौकशी कसोशीने करावी: रात्री शौचालयापर्यंत कसे जायचे? वाटेत उंबरा आहे का, दिवा आहे का, बसण्याची सोय कशी आहे? गरज पडल्यास कमोडची खुर्ची घरून न्यावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती परक्या खोलीत रात्री बावरते. तिची रोजची चादर आणि उशी सोबत न्यावी, मंद दिवा चालू ठेवावा.

आणि जी सून, लेक किंवा मुलगा वर्षभर हे सारे करतो, त्याच्यासाठीही ही सहल आहे. गावी गेल्यावरही औषधांची डबी त्याच्याच हाती राहिली, तर त्याची सुटी झालीच नाही. शनिवारी रात्रीची जबाबदारी भावाने किंवा नणंदेने घ्यावी. गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून निघण्यापूर्वीच त्यांच्या हाती द्याव्यात, आणि रविवारी सकाळी त्याला कोणी उठवू नये.